ट्रॅक्टरचे स्टिअरिंग जड का होते?

वसंतातील व्याख्यानांना साहित्य, इतिहास, अर्थकारण असे विषय शोभतात. तेथे ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगने का शिरावे, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. त्यावर आमचे उत्तर असे की, पिंपरी-चिंचवडच्या नागरिकाला ट्रॅक्टर हे खेड्यातले वाहन म्हणून बाजूला ठेवता येत नाही. मोशी, चिखली, चऱ्होली या बाजूच्या नव्या इमारतींना पाणी पुरवणारा टँकर पुष्कळदा ट्रॅक्टरच ओढतो. विटा आणि खडी त्याच्याच मागे येतात. चाकणच्या बाजारातील कांदा-बटाटा, उसाच्या हंगामात साखर कारखान्याकडे जाणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या, हेही त्याचेच काम. पुणे-नाशिक रस्त्यावर आपल्या दुचाकीच्या शेजारून जो ट्रॅक्टर जातो, त्याची पुढची चाके चालकाच्या हुकमात आहेत की नाहीत, हा प्रश्न त्याच्या मालकाचा आहे तितकाच आपलाही आहे.

दुसरेही एक कारण आहे. दाबाखालील तेलाकडून काम करून घेण्याची विद्या या परिसराच्या अंगणातली आहे. व्हिकर्स या नावाने हायड्रॉलिक पंप बनवणारा कारखाना पिंपरीत होता. पुढे तो ईटन या नावाने ओळखला जाऊ लागला आणि २०२१ साली ईटनचा हायड्रॉलिक व्यवसाय डॅनफॉस कंपनीकडे गेला. चाकणच्या पूर्वेला वढू बुद्रुक येथे झेडएफ स्टिअरिंग गिअर ही १९८१ साली स्थापन झालेली कंपनी मोटारींची स्टिअरिंगे बनवीत आली. सणसवाडीला जॉन डीअरचे ट्रॅक्टर तयार होतात. एवढ्या कारखान्यांच्या सावलीत राहणाऱ्या शेतकऱ्याचा पंधरा-वीस वर्षांचा ट्रॅक्टर मात्र ‘पंप गेला असेल, बदलून टाका’ एवढ्या एका वाक्यावर दुरुस्त होत असतो. आमचा सारा आक्षेप या वाक्याला आहे. पंप महाग असतो. तो बदलल्यावर बिघाड तसाच राहिला की मग स्टिअरिंग युनिट बदलले जाते, तेही महाग. आणि खरा दोष एखाद्या नळीत किंवा रबरी कड्यात सुखाने बसून राहतो. बिघाड कोठे आहे हे पाना हाती घेण्यापूर्वी बरेचसे ओळखता येते, हे आम्हांला येथे दाखवायचे आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. जुन्या काळच्या ट्रॅक्टरांत स्टिअरिंगचे चाक, त्याखालची दांडी, दातेरी पेटी आणि पुढच्या चाकांना जोडणाऱ्या सळ्या अशी सलग लोखंडी साखळी असे. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून काढलेल्या कंपनीचे बी-२७५ ट्रॅक्टर ज्यांनी नांगरटीत चालवले, त्यांच्या खांद्यांना ही साखळी चांगली आठवत असेल. तेलाच्या दाबाची मदत घेऊन चाके वळवण्याची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ साली ती मोटारीवर करून दाखवली. परंतु सामान्य ग्राहकाच्या मोटारीत ती क्रायस्लर कंपनीने १९५१ साली आणली. आपल्याकडच्या ट्रॅक्टरांत पॉवर स्टिअरिंग सर्रास दिसू लागले ते गेल्या शतकाच्या अखेरीपासून.

ट्रॅक्टरवरील पॉवर स्टिअरिंगची मोठी विशेषता अशी की, बहुतेकांत ती लोखंडी साखळी मुळी नसतेच. चालकाच्या हातातील चाक आणि जमिनीवरील चाके यांच्यामध्ये फक्त तेल असते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुले इंजेक्शनच्या दोन पिचकाऱ्या एका नळीने जोडून आणतात. एक दाबली की दुसरी सरकते. तत्त्व तेच. इंजिनावर फिरणारा एक लहानसा गिअर पंप टाकीतील तेल ओढून दाबाने पुढे ढकलतो. ते तेल स्टिअरिंगच्या दांडीखाली बसवलेल्या युनिटात येते. यालाच आपले मिस्त्री ऑर्बिट्रॉल म्हणतात. तेथून डावीकडे व उजवीकडे अशा दोन नळ्या पुढच्या आसावरील सिलिंडरला जातात. एका नळीतून तेल गेले की सिलिंडरचा दट्ट्या सरकून चाके एका बाजूस वळतात आणि दुसऱ्या नळीतून तितके तेल टाकीकडे परत येते.

युनिटाच्या पोटात काय आहे ते थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण पुढचे निदान त्यावरच उभे आहे. त्यात एकात एक बसणाऱ्या, भोके आणि खाचा असलेल्या दोन नळकांड्या असतात. त्यांच्यामधील फट काही मायक्रॉनची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा लहानसा अंश. मध्ये पातळ पट्ट्यांच्या स्प्रिंगा असतात. आपण चाक फिरवले की आतली नळकांडी बाहेरचीच्या तुलनेत काही अंश पुढे जाते, खाचा समोरासमोर येतात आणि तेलाला वाट मिळते. ते तेल खाली असलेल्या दातेरी चांदणीतून जाते: आत सहा दात्यांची चांदणी, बाहेर सात दात्यांचे कडे. या चांदणीचे काम मापाड्याचे. जितके तेल गेले तितकी ती फिरते आणि फिरताना बाहेरच्या नळकांडीला ओढून पुन्हा वाट बंद करते. म्हणून आपण चाक जितके फिरवू तितकेच तेल जाते, अधिक नाही. हात थांबला की चाकेही थांबतात.

आणि इंजिन बंद पडले तर? पंप थांबतो, परंतु ही चांदणी हाताने चालणारा पंप बनते. स्टिअरिंग फार जड होते, तरी मरत नाही. उतारावर इंजिन बंद पडलेल्या चालकाने ‘स्टिअरिंग लॉक झाले’ असे समजून हात सोडू नये. दोन्ही हातांनी, अंगाचा जोर लावून ते फिरवता येते. ही गोष्ट प्रत्येक ट्रॅक्टर चालकाला कोणीतरी एकदा सपाट मोकळ्या जागी करून दाखवायला हवी. सहसा ती कोणी दाखवत नाही.

आता निदान. चांगला वैद्य नाडीला हात लावण्यापूर्वी चार प्रश्न विचारतो. स्टिअरिंग जड झाले म्हणून जो येतो त्यालाही चार प्रश्न विचारावे. दोन्ही बाजूंना जड आहे की एकाच? सकाळी जड असते की तासभर काम झाल्यावर होते? इंजिनाचा वेग वाढवला की हलके होते का? आणि आवाज येतो का, तेलाला फेस येतो का? या चार उत्तरांत निम्म्याहून अधिक निदान असते.

पहिल्या प्रश्नाचेच पाहा. पंपाला डावे-उजवे कळत नाही. तो एकाच नळीतून तेल देतो आणि मोकळा होतो. तेव्हा स्टिअरिंग उजवीकडे हलके आणि डावीकडेच जड असेल, तर पंप निर्दोष समजावा. दोष वाटा फुटल्यानंतरच्या भागात, म्हणजे युनिटाच्या त्या बाजूच्या व्हॉल्व्हमध्ये, त्या बाजूच्या नळीत किंवा सिलिंडरमध्ये शोधावा. एवढा एक विचार केला असता तर आमच्या माहितीतील किती तरी पंप आजही आपापल्या जागी असते.

दोन्ही बाजूंना जड असेल आणि वेग वाढवल्यावर हलके होत असेल, तर पंप झिजल्याचा संशय घेण्यास जागा आहे. झिजलेल्या पंपात तेल आतल्या आत मागे गळते. वेग वाढला की गळती भरून निघते. असाच पंप सकाळी थंड तेलावर बरे काम देतो आणि तेल तापून पातळ झाले की दम टाकतो. उलट सकाळी जड आणि नंतर हलके, असे असल्यास तेल गरजेपेक्षा घट्ट आहे किंवा टाकीतील जाळी गाळाने भरली आहे. वेग कितीही वाढवला तरी दोन्ही बाजूंना सारखेच जड राहत असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह पाहावा. ठरावीक दाबापेक्षा अधिक दाब झाला की तेल टाकीत सोडून देणारी ही सुरक्षा-खिडकी आहे. तिच्या बैठकीवर कचऱ्याचा एक कण अडकला की खिडकी उघडीच राहते आणि दाब तयारच होत नाही. ती खोलून धुण्यास अर्धा तास लागतो. म्हणून पंपाच्या आधी तिची पाळी.

परंतु याही आधी तेलाशी काही संबंध नसलेली कारणे निकालात काढावी लागतात. पुढच्या टायरांत हवा कमी असेल तर कोणतेही स्टिअरिंग जड होणारच. मावळातल्या भातखाचरांत चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांची गोष्ट तर निराळीच आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेल्या इंद्रायणी भाताची कीर्ती आपण जेवताना जाणतो. त्या भाताची खाचरे करताना ट्रॅक्टरचा पुढचा आस दिवसदिवस चिखलपाण्यात बुडालेला असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. किंगपिनांत पाणी शिरते, ग्रीस धुऊन जाते, गंज चढतो आणि पावसाळ्यानंतर स्टिअरिंग जड होते. येथे पॉवर स्टिअरिंगचा काही अपराध नसतो. हे ओळखण्याची रीत सोपी आहे. मागची चाके दोन्हीकडून अडवावी, पुढचा आस जॅकने उचलून भक्कम ठोकळ्यांवर ठेवावा (नुसत्या जॅकवर कदापि नव्हे), सिलिंडरची जोडपिन काढावी आणि चाके हाताने वळवून पाहावी. ती सहज वळली पाहिजेत. हाताला अडकत असतील तर पंप, युनिट, सिलिंडर यांना स्पर्शही न करता किंगपिनांकडे आणि ग्रीसच्या निपलांकडे वळावे. चाकाला खेळ असल्याची तक्रार असेल तर टायरॉडचे बॉल जॉइंट, आसाची मधली पिन आणि चाकांचे बेअरिंग याच वेळी हलवून पाहावे. त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही. ते कोणताही मिस्त्री जाणतो.

मग तेल. ते किती आहे, कसे दिसते आणि कोणते आहे, अशा तीन गोष्टी पाहाव्या. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. जळका वास आणि काळा रंग म्हणजे तापून तापून ते थकले आहे. कोणते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा, कारण रस्त्यात तेल कमी पडले की हाताशी असेल ते ओतण्याची आपल्याकडे पद्धत आहे. इंजिन ऑइल ओतल्याने लगेच काही बिघडत नाही. परंतु ब्रेक ऑइल ओतले तर ज्या रबराची सील या यंत्रात असतात ते रबर फुगते, मऊ पडते आणि थोड्याच दिवसांत एकूण एक सील निकामी होते. ब्रेक ऑइल हे नावानेच काय ते ऑइल. त्याची जात निराळी आहे.

फेस आला असेल तर हवा शिरत आहे. येथे पुष्कळांची फसगत होते, कारण हवा शिरते तेथून तेल बाहेर गळत नाही. टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीची असते. तिला भेग पडली तर थेंब बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खालची फरशी कोरडी आणि स्टिअरिंग मात्र धक्के देत, घरघरत चालते. खेड तालुक्यातील एका टँकरच्या ट्रॅक्टरचे उदाहरण आमच्या पाहण्यात आहे. तासभर चालला की त्याचे स्टिअरिंग जड होई आणि पंप घोगरा ओरडे. एका कारखान्यात पंप बदलला. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी युनिट बदलण्याचा सल्ला मिळाला. मालकाच्या घरी मुलीच्या शिक्षणाची फी भरायची होती म्हणून ते लांबले, आणि लांबले हे बरे झाले. शेवटी एका वयस्क मिस्त्रीने टाकीचे झाकण उघडून इंजिन तासभर चालू ठेवले आणि तेलाकडे नुसते पाहत बसला. तेल तापले तसा फेस येऊ लागला. त्याने ओढीच्या नळीच्या जोडावर थोडे ग्रीस थापले. पंपाचा आवाज तत्काळ बदलला. नळी जुनी होऊन तापल्यावर मऊ पडत होती आणि क्लिपेखालून हवा घेत होती. वीतभर नळी आणि दोन क्लिपा एवढ्यावर काम भागले. पंप बदलताना ती नळी काढून पुन्हा घट्ट बसवली गेली होती. चार दिवस बरे गेले ते त्यामुळे.

एवढ्याने उलगडा न झाल्यास मापाकडे जावे लागते. पंपाच्या बाहेर पडणाऱ्या नळीत तिठा बसवून प्रेशर गेज लावावे, तेल चांगले कोमट होऊ द्यावे, मग स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवून क्षणभर धरावे आणि दाब वाचावा. या जातीच्या ट्रॅक्टरांत तो साधारणपणे १०० ते १५० बारच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतच पाहावा. पाच सेकंदांपेक्षा अधिक काळ टोकाला धरू नये, तेल झपाट्याने तापते. दोन्ही टोकांना दाब कमी असेल आणि रिलीफ व्हॉल्व्ह स्वच्छ असेल, तर आता पंप बदलावा. त्याला आमची हरकत नाही. दाब पुरा असून चाके आळशी असतील तर दोष पुढे आहे.

त्या पुढच्या दोषांत सिलिंडरच्या दट्ट्याचे सील फार वेळा सापडते. चाके टोकाला गेली तरी हातातील चाक सावकाश फिरतच राहते, ही त्याची खूण. किंचित घसरण नव्या ट्रॅक्टरातही असते, पण ती किंचितच. खात्री करण्यासाठी चाके एका टोकाला न्यावी, इंजिन बंद करावे, सिलिंडरच्या ज्या बाजूने तेल परतते तेथील नळी काढून नळीला बूच लावावे, सिलिंडरचे तोंड उघडे ठेवून खाली भांडे ठेवावे. मग इंजिन सावकाश चालवून, चाके ज्या टोकाला आहेत त्याच दिशेने स्टिअरिंग जरा दाबावे. उघड्या तोंडातून धार लागली तर तेल दट्ट्यावरून पलीकडे जात आहे. तोंड कोरडे राहिले तर सिलिंडर निर्दोष, आणि संशयित म्हणून युनिट उरते. सिलिंडर खोलल्यावर नुसते सील बदलून थांबू नये. दट्ट्याची दांडी नखाने चाचपावी. गंजाचे खड्डे किंवा दगडाचा ओरखडा असेल तर नवे सील महिन्याभरात कापले जाते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत दांडी घासून तिला पुन्हा हार्ड क्रोमचा मुलामा देणारे कारागीर आहेत. तो खर्च टाळून तीनदा सीलचा संच आणणारेही आहेत.

युनिट खोलणे हे शेवटचे पाऊल, आणि ते रस्त्याकडेला टाकू नये. आतल्या-बाहेरच्या नळकांड्या एकमेकींसाठी घासून जुळवलेल्या असतात. एकीची दुसऱ्या युनिटातली जोड लावता येत नाही. कॉटन वेस्टचा एक धागा आत राहिला तरी नळकांडी अडकू शकते, म्हणून भाग स्वच्छ तेलाने किंवा डिझेलने धुऊन तसेच निथळू द्यावे, पुसू नये. स्प्रिंगा तुटल्या असतील तर हात सोडल्यावर चाक मध्यावर येत नाही. तो दोष येथेच सापडतो. सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे चांदणी आणि तिला फिरवणारी दांडी यांची ठरलेली जुळणी. खोलण्यापूर्वी तिच्यावर खुणा करून ठेवाव्या. ही जुळणी एका दात्याने चुकली, तर इंजिन सुरू होताच स्टिअरिंग आपोआप, जोराने गरगरते. कोणाचा हात त्याच्या आऱ्यांत असेल तर मनगट मोडते. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना पुढची चाके अधांतरी हवीत आणि स्टिअरिंगजवळ कोणाचा हात नको.

आणखी एका धोक्याचे वेगळे सांगितले पाहिजे, कारण त्याला रक्त येत नाही. दाबाच्या नळीला सुईएवढे भोक पडले की तेलाची न दिसणारी धार उडते. गळती कोठे आहे म्हणून कोणी बोटाने चाचपले, तर ती धार कातडीतून आत शिरते. टोचल्यासारखे वाटते, बारीक ठिपका दिसतो आणि माणूस कामाला लागतो. काही तासांत बोट सुजून काळेनिळे पडते, आणि उशीर झाल्यास ते कापण्याचा प्रसंग येतो. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी. आणि धार लागलीच तर दुखण्याची वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जाऊन ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

जोडणी झाली की हवा काढण्यासाठी टाकी भरून, इंजिन सावकाश चालवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू दहा-बारा वेळा फिरवावे, मधून मधून तेल पाहून भर घालावी. फेस बसला की झाकण लावावे. हेच तेलाचे झाकण, जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्याने व्यवहार ठरवण्यापूर्वी उघडून पाहावे. विक्रेत्याने रंग नवा दिला असेल, तेल सहसा जुनेच असते. इंजिन तापेपर्यंत बोलणे लांबवावे, मग ट्रॅक्टर जागेवर उभा ठेवून, इंजिन मंद चालू असताना एका हाताने स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन पाहावे, आणि उतरल्यावर सिलिंडरच्या दांडीवरून नख फिरवावे.